पदयात्री रेणू : कुलाबा, बंगळूर आणि साठ वर्षांची वाटचाल

माणसाच्या कण्याच्या खालच्या भागातून निघून पायाच्या पंजापर्यंत जाणारा मज्जातंतू म्हणजे एकाच पेशीची लांबलचक शेपटी असते. पेशीचे मुख्य अंग कण्यापाशी. बहुतेक प्रथिने तयार होतात ती तिथे. ती जिथे लागतात ते टोक मात्र सुमारे एक मीटर दूर, पायाच्या बोटांपाशी. तयार झालेला माल नुसता सोडून दिला आणि पाण्यात शाईचा थेंब पसरतो तसा तो आपोआप पसरत टोकाला पोहोचेल असे म्हटले, तर एका मालवाहू पिशवीला या एका मीटरसाठी हजार वर्षांहून अधिक काळ लागेल. प्रत्यक्षात हा प्रवास जलद वाहतुकीने दोन-तीन दिवसांत उरकतो. कारण तंतूच्या आत रूळ टाकलेले आहेत, आणि त्या रुळांवरून प्रथिनांचे हमाल पाठीवर ओझे घेऊन एकामागून एक पाऊल टाकीत चालत असतात. ‘पाऊल’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. त्या पावलाची लांबी मोजलेली आहे : आठ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा सव्वालाखावा हिस्सा.

हीरकमहोत्सवी ग्रंथाच्या वाचकांना साठ वर्षांचे माप वेगळे समजावून सांगायला नको. जेमतेम तेवढ्याच काळात विज्ञानाने या हमालांना नावे दिली, त्यांची चाल ओळखली आणि पुढे तसेच चालणारे रेणू स्वतः घडवून पाहिले. ही कथा बहुतांशी अमेरिका, इंग्लंड आणि जपान येथील प्रयोगशाळांची म्हणून सांगितली जाते, आणि ते चूक नाही. परंतु तिचा एक धागा मुंबईच्या कुलाब्यातून निघून बंगळूरला पोहोचतो, आणि तेथे या यंत्रविद्येला एक वेगळेच वळण मिळते.

१९६५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात इयन गिबन्स आणि आर्थर रो यांनी टेट्राहायमेना नावाच्या एकपेशीय जीवाच्या केसासारख्या अवयवांतून एक प्रथिन वेगळे केले. बळ मोजण्याच्या ‘डाइन’ या एककावरून त्यांनी त्याचे नाव ठेवले डायनीन. स्नायूंतील मायोसिन हे बळ निर्माण करणारे प्रथिन त्याआधी शंभर वर्षे माहीत होते. पण बळ स्नायूंतच नव्हे, तर साध्या पेशीतही प्रथिनेच निर्माण करतात, याची ती ठळक खूण होती. पेशीच्या अंतर्भागात मालाची ने-आण करणारे यंत्र मात्र आणखी वीस वर्षे हाती लागले नाही.

ते हाती लागण्याची हकिकत गंमतीची आहे. १९८० च्या दशकारंभी सूक्ष्मदर्शकाला व्हिडिओ कॅमेरा जोडण्याचे तंत्र विकसित झाले आणि स्क्विड या समुद्री जीवाच्या जाडजूड मज्जातंतूत इकडून तिकडे धावणारे कण प्रथमच स्पष्ट दिसू लागले. रोनाल्ड व्हेल हा स्टॅनफर्डचा विद्यार्थी आणि मायकेल शीट्झ यांना हा प्रयोग पुढे न्यायचा होता. परंतु १९८३ च्या सुमारास एल निनोमुळे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर स्क्विड मिळेनासे झाले. तेव्हा दोघे देश ओलांडून पूर्व किनाऱ्यावरील वुड्स होल येथील सागरी प्रयोगशाळेत गेले. तेथे टॉमस रीस व त्यांचे सहकारी भेटले. तंतूतला रस काचेवर पसरून त्यांनी शोध घेतला आणि १९८५ मध्ये कायनेसिन हे प्रथिन जगापुढे ठेवले. समुद्राचे पाणी त्या वर्षी तापले नसते, तर हा शोध कुठे आणि कोणाच्या हातून लागला असता, हे सांगणे अवघड आहे.

कायनेसिनचे रूळ म्हणजे पेशीतील सूक्ष्मनलिका. सुमारे २५ नॅनोमीटर जाडीच्या या पोकळ नळ्या ट्युब्युलिन या प्रथिनाच्या जोडविटा रचून उभ्या राहतात, आणि प्रत्येक जोडवीट आठ नॅनोमीटर लांब असते. नळीची दोन टोके सारखी नसतात. त्यामुळे रुळाला दिशा असते. बहुतेक कायनेसिने पेशीच्या केंद्रापासून बाहेरच्या दिशेने चालतात, डायनीन बाहेरून केंद्राकडे. १९९३ मध्ये कारेल स्वोबोडा, स्टीव्हन ब्लॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेसरच्या चिमट्यात एक मणी पकडला, त्याला कायनेसिनचा एकच रेणू जोडला आणि तो मणी आठ-आठ नॅनोमीटरच्या टप्प्यांनी पुढे सरकताना पाहिला. एका विटेवरून पुढच्या विटेवर. प्रत्येक पावलामागे पेशीचे चलन असलेल्या एटीपीचा एक रेणू खर्च होतो. सेकंदाला सुमारे शंभर पावले पडतात. २००४ मध्ये अहमत यिल्दिझ आणि सहकाऱ्यांनी एका पायाला चकाकणारा रंग लावून दाखवून दिले की हा रेणू माणसासारखाच, मागचा पाय पुढच्या पायाच्या पुढे टाकीत चालतो.

माणसासारखाच, हे म्हणताना मात्र एक मोठा फरक लक्षात ठेवला पाहिजे. माणूस चालतो तेव्हा त्याचे वजन आणि वेग त्याच्या मदतीला असतात. नॅनोमीटरच्या जगात वजनाला किंमत नाही, वेग तर क्षणार्धात विरून जातो. तेथे आहे ते अखंड वादळ : भोवतालचे पाण्याचे रेणू सर्व बाजूंनी धडका देत असतात. रॉबर्ट ब्राउन यांनी १८२७ मध्ये परागकणांतील सूक्ष्म कणांची जी थरथर पाहिली आणि आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये जिचे गणित मांडले, तीच ही. एटीपीच्या एका रेणूतून मिळणारी ऊर्जा या उष्णतेच्या एका सर्वसाधारण धक्क्याच्या जेमतेम वीसपट. एवढ्याशा शिदोरीवर वादळाशी झुंज घेत पुढे जाणे शक्य नाही. म्हणून कायनेसिन झुंज घेत नाही. मोकळा पाय तो वादळाच्या स्वाधीन करतो; तो पाय हवा तसा भिरभिरतो आणि पुढची वीट सापडली की तेथे चिकटतो. एटीपी खर्च होतो तो पाय पुढच्या बाजूला भिरभिरावा आणि मागे चिकटू नये, एवढ्यासाठी. त्यात आणखी एक अट सांभाळलेली असते : दोन्ही पाय एकाच वेळी सुटता कामा नयेत. माडावर चढणारा माणूस हात सरकवताना पायांची पकड सोडत नाही, आणि पाय उचलताना हातांची, तसेच. घड्याळातील दातेरी चाक आणि त्याला मागे फिरू न देणारा खटका यांचे उदाहरण रिचर्ड फाइनमन यांनी १९६० च्या दशकातील आपल्या व्याख्यानांत घेतले होते. उष्णतेच्या नुसत्या धक्क्यांवर असे चाक एका दिशेने फिरवता येत नाही. त्यासाठी कुठून तरी किंमत मोजावीच लागते, हे त्यांनी त्यात दाखवले. कायनेसिन ती किंमत प्रत्येक पावलाला मोजतो.

हे तत्त्व समजले, असे म्हणणे एक. ते समजल्याचा पुरावा देणे वेगळे. अभियंत्याच्या दृष्टीने पुरावा एकच : तसे यंत्र बनवून दाखवा. न्यूयॉर्क विद्यापीठातील नेड सीमन हे स्फटिकशास्त्रज्ञ १९८० पासून एका निराळ्या नादात होते. डीएनए हा वारशाचा मजकूर लिहून ठेवणारा रेणू. त्यांना त्यात बांधकामाचे साहित्य दिसले. एशर या डच चित्रकाराचे माशांच्या रांगांचे चित्र आठवताना त्यांना डीएनएच्या फांद्यांची जाळी सुचली, असे ते सांगत. डीएनएचे सामर्थ्य असे की त्याचा एक धागा आपल्या जोडीदार धाग्याला अचूक ओळखतो. धाग्यावरील अक्षरे ठरवून लिहिली की कोणता धागा कोणाला चिकटेल, हे आधीच ठरते. मग धाग्यांचे पाय का करू नयेत?

२००४ मध्ये सीमन आणि विल्यम शर्मन यांनी डीएनएचा दोन पायांचा चालणारा रेणू जाहीर केला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात नायल्स पिअर्स आणि जाँग-शिक शिन यांनी मागचा पाय पुढे टाकणारा दुसरा रेणू बनवला. दोन्ही यंत्रे लहान मुलासारखी होती. प्रत्येक पावलाला कोणी तरी हात धरावा लागे. म्हणजे संशोधकाने पेल्यात एक धागा ओतावा, त्याने मागचा पाय सुटावा. मग दुसरा धागा ओतावा, त्याने तो पुढे चिकटावा. लवकरच अँड्र्यू टर्बरफील्ड, जॉन रीफ आणि इतरांनी स्वतःहून चालणारे रेणू घडवले. त्यांतील बऱ्याच यंत्रांत एक युक्ती समान होती : पाय ज्या जागेवर टेकतो, ती जागा तो कापूनच पुढे सरकतो, त्यामुळे मागे परतणे अशक्य होते. इंग्रजीत या युक्तीचे नाव जळालेल्या पुलावरून पडले. मराठी वाचकाला सिंहगडावर सूर्याजी मालुसऱ्याने परतीचे दोर कापल्याची कथा आठवावी, इतके हे तत्त्व ओळखीचे आहे. दोष असा की असा रेणू त्या वाटेने एकदाच जाऊ शकतो. वाट संपली की तो निरुपयोगी होतो, आणि त्याच्यामागून दुसऱ्यालाही तिचा उपयोग नाही. कायनेसिनचे रूळ हजारो हमालांनी तुडवले तरी जसेच्या तसे राहतात.

२०१० हे वर्ष या क्षेत्रात भरघोस पिकाचे ठरले. मिलान स्टोयानोविच, नील्स वॉल्टर, हाओ यान, एरिक विनफ्री आदींनी डीएनएच्या घडीकामाने तयार केलेल्या पटावर रेणूंचा ‘कोळी’ चालवला. आखून दिलेल्या वाटेने तो वळला आणि सुमारे शंभर नॅनोमीटर गेला. सीमन यांच्या गटाने चालता चालता वाटेतील तीन थांब्यांवरून सोन्याचे कण उचलणारा रेणू दाखवला. त्याला कारखान्यातील फिरता पट्टा म्हणायला हरकत नाही. एडिंबरोत डेव्हिड ली आणि सहकाऱ्यांनी डीएनए पूर्णपणे बाजूला ठेवून, मोजक्या अणूंचा, दोन पायांचा एक छोटा सेंद्रिय रेणू चार जागांच्या रुळावर चालवला. त्याचे दोन पाय दोन वेगळ्या रासायनिक बंधांनी रुळाला जोडलेले होते. द्रावण आम्लधर्मी केले की एक पाय मोकळा होई, दुसरा घट्ट राही. अल्कधर्मी केले की उलट. माडावरच्या माणसाचा नियम तोच, फक्त तो रसायनाच्या भाषेत लिहिलेला.

या यशांचे मोल कमी लेखू नये. पण त्यांची जाहिरातही नको. डीएनएचा कोळी जे शंभर नॅनोमीटर अंतर कित्येक मिनिटांत चालला, ते कायनेसिन सेकंदाच्या आठव्या हिश्श्यात कापतो. वृत्तपत्रांत तेव्हा ‘शरीरात शिरून रोग दुरुस्त करणारे यंत्रमानव’ अशी शीर्षके आली. प्रत्यक्षात ती यंत्रे पेल्यातून बाहेर पडली नव्हती. जिवंत पेशीत डीएनएचे तुकडे करणारी विकरे टपून बसलेली असतात, क्षारांचे प्रमाण वेगळे असते, आणि तेथे कोणी पाळीपाळीने धागे ओतून देत नाही. चालणारे यंत्र हवे कशासाठी, हा प्रश्नही तसा मोकळाच होता. त्याचे एक उत्तर बंगळूरहून आले. पण ते समजण्यासाठी आधी मुंबईत यावे लागते.

लिओ झिलार्ड हे अणुऊर्जेच्या इतिहासातील मोठे नाव. उत्तरायुष्यात ते जीवशास्त्राकडे वळले, आणि ओबेद सिद्दिकी या तरुण भारतीय अनुवंशशास्त्रज्ञाविषयी त्यांनी होमी भाभांना कळवले. भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे कुलाब्याचे समुद्रकाठचे भवन नुकतेच उभे राहिले होते. ती संस्था मुख्यतः गणित आणि भौतिकी यांची. तेथे १९६२ मध्ये सिद्दिकींनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. भौतिकशास्त्रज्ञांच्या घरात जीवशास्त्राची चूल मांडण्याचा हा प्रकार त्या काळी अनेकांना चमत्कारिक वाटला असेल, परंतु पुढे घडलेल्या गोष्टींची मुळे त्यातच आहेत. त्या विभागातून वाढत वाढत १९९० च्या दशकारंभी बंगळूरला नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेस, म्हणजेच एनसीबीएस, ही संस्था निघाली. प्रथम तिचा मुक्काम जमशेदजी टाटांच्या कल्पनेतून १९०९ साली स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात होता. नंतर ती शहराच्या उत्तरेला, गांधी कृषी विज्ञान केंद्राच्या हिरव्या परिसरात, स्वतःच्या वास्तूत गेली. कायनेसिनचे शोधकर्ते रोनाल्ड व्हेल यांनीही येथे काही काळ मुक्काम केला. तरुण भारतीय जीवशास्त्रज्ञांना जोडणाऱ्या ‘इंडियाबायोसायन्स’ या उपक्रमाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा आहे.

या संस्थेत २००५ च्या सुमारास यमुना कृष्णन रुजू झाल्या. त्यांचे शिक्षण सेंद्रिय रसायनाचे : चेन्नईत पदवी, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉक्टरेट, त्यानंतर केंब्रिजमध्ये संशोधन. जीवशास्त्राच्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञाला जागा देणे, हा त्या संस्थेच्या स्वभावाचाच भाग म्हणायचा. शेजारच्या प्रयोगशाळेत सत्यजित मेयर होते. पेशी बाहेरचा पदार्थ आत कसा ओढून घेते, हा त्यांचा विषय. रसायनशास्त्रज्ञाच्या हातात यंत्र आणि जीवशास्त्रज्ञाच्या हातात वाट, अशी ही गाठ पडली.

कृष्णन यांनी चालणारे यंत्र बनवले नाही. त्यांनी उघडझाप करणारे यंत्र बनवले. डीएनएमधील सी या अक्षराने गच्च भरलेला धागा आम्लात गेला की स्वतःभोवती घडी घालून चौपदरी गाठ बांधतो. ही घडी १९९३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी ओळखली होती. डीएनएच्या दोन ताठ बाह्या, मध्ये एक बिजागरी, आणि टोकांना असे आम्लाला लाजणारे धागे. द्रावण उदासीन असेल तेव्हा चिमटा उघडा, आम्लधर्मी झाले की मिटलेला. दोन्ही बाह्यांवर दोन रंगांचे चकाकणारे रेणू. चिमटा मिटला की ते जवळ येतात आणि प्रकाशाचा रंग बदलतो. या यंत्राचे नाव आय-स्विच. २००९ मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’ या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले; मेयर त्या निबंधाचे सहलेखक होते. डीएनएचे कृत्रिम यंत्र पेल्याबाहेर, जिवंत पेशीच्या आत काम करीत असल्याचे ते पहिले प्रात्यक्षिक मानले जाते.

ते काम कोणते, हे नीट पाहिले पाहिजे. फळमाशीच्या रक्तपेशी बाहेरचा पदार्थ गिळतात तेव्हा तो एका इवल्या पिशवीत बंद होतो. तिला एंडोसोम म्हणतात. ही पिशवी पेशीच्या काठाकडून आत आत जाते, वाटेत तिच्यातील आम्लता वाढत जाते, आणि शेवटी ती लायसोसोम या पचनकोठीत विलीन होते. आय-स्विच त्या पिशवीतून गेला आणि बाहेर सूक्ष्मदर्शकापाशी बसलेल्या संशोधकांना टप्प्याटप्प्याने आतली आम्लता कळवीत राहिला. सात ते पाच यांच्या दरम्यानचे ते आकडे साधे वाटतील. पण पिशवीचे वय आणि तिची आम्लता यांचा नकाशा यंत्राच्या तोंडून काढणे ही मोठी गोष्ट होती.

पिशवीला आत नेले कोणी? सूक्ष्मनलिकांच्या रुळांवर चालणाऱ्या मोटर प्रथिनांनी. माणसाने बनवलेले यंत्र निसर्गाच्या पदयात्रींच्या पालखीत बसले होते. चालणे ज्यांना अब्जावधी वर्षांच्या उत्क्रांतीने शिकवले त्यांच्याकडेच चालणे ठेवावे, आणि माणसाच्या यंत्राने वाटेतली बातमी द्यावी, ही श्रमविभागणी बंगळूरच्या यंत्राने केली. ती मुद्दाम ठरवून झाली असे म्हणता येणार नाही. प्रश्न पेशीच्या आम्लतेचा होता, वाहतुकीचा नव्हता. पण चालणारा रेणू बनवण्याच्या स्पर्धेत जगभरची बुद्धी गुंतलेली असताना यंत्राला पेल्याबाहेर काढण्याचा सर्वांत सरळ मार्ग हाच निघाला, हे इतिहासाने नोंदवले पाहिजे.

योग असा की त्याच २००९ साली, ज्या संस्थेच्या पोटातून एनसीबीएस निघाली त्या कुलाब्याच्या संस्थेत, रूप मल्लिक यांचा गट एंडोसोमच्याच पालखीचे भोई मोजत होता. डिक्टिओस्टेलियम या मातीतल्या एकपेशीय जीवाच्या एंडोसोमना ओढणारे भोई दोन बाजूंना असतात. एका बाजूला एखादाच बलवान कायनेसिन, दुसऱ्या बाजूला दुबळ्या डायनीनची टोळी. पिशवी कधी इकडे, कधी तिकडे जाते, मध्येच थांबते आणि लांबट होते. म्हणजे रस्सीखेच चालू असते, आणि या ओढाताणीत कधी पिशवीचे दोन तुकडे पडतात. लेसरच्या चिमट्याने हे बळ मोजून मल्लिक व सहकाऱ्यांनी ते दाखवून दिले. एकटा डायनीन दुबळा; पण तो टोळीने काम करायला बनलेला आहे, ओझे वाढले की तो पावले आखडती घेतो आणि टोळीतील इतरांना भार वाटून घेता येतो, हे त्यांच्या पुढील कामातून स्पष्ट झाले. ज्यांनी वारीत पालखीला खांदा दिला आहे, त्यांना यातले मर्म सांगावे लागणार नाही : चढावर सर्वांत उंच गडी नव्हे, तर पाऊल जुळवून घेणारी टोळी कामाला येते.

या मोजणीला पुढे अनपेक्षित मोल आले. रोगजंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींत जंतू असलेली पिशवी प्रथम मागेपुढे रेंगाळते आणि मग एकदम वेगाने पचनकोठीकडे निघते. २०१६ मध्ये मल्लिक यांच्या गटाने याचे कारण दाखवले. पिशवीच्या पृष्ठभागावर कोलेस्टेरॉलयुक्त बेटे तयार होतात, डायनीन त्या बेटांवर गोळा होतात आणि सगळे मिळून एकदम ओढतात. काळ्या आजाराचा परजीवी, लीशमानिया, आपल्या अंगावरच्या एका रेणूने हीच बेटे विस्कटतो. भोई पांगतात, पालखी जागीच थांबते, आणि परजीवी पचनकोठीत जाण्यापासून वाचतो. बिहार आणि आसपासच्या भागात पिढ्यान्‌पिढ्या माणसे मारणाऱ्या रोगाच्या मुळाशी आठ नॅनोमीटरच्या पावलांची अडवणूक असावी, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकाने १९६५ मध्ये सुचवले नसते.

एनसीबीएसमध्येच काम सुरू करून नंतर कुलाब्याला आलेल्या संध्या कौशिका यांचा विषयही याच रुळांचा. सी. एलेगन्स या मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक कृमीच्या जिवंत मज्जातंतूंतील वाहतूक त्या पाहतात. त्या कृमीत यूएनसी-१०४ नावाचा हमाल बिघडला की कृमीला धड सरपटता येत नाही. माणसातील त्याच्या भाऊबंदाचे नाव केआयएफ१ए. या प्रथिनाच्या जनुकात दोष असलेली मुले जगभर आढळतात. चालणे अडखळते, पायांचे स्नायू ताठरतात, काहींची दृष्टी जाते. सर्वांत लांब तंतू पायांचे, म्हणून घाव बहुधा पायांवर आधी. अशा कुटुंबांना पावलाची लांबी आणि रुळाची दिशा या गोष्टी कुतूहलापुरत्या राहत नाहीत.

बंगळूरच्या यंत्राचा प्रवासही पुढे चालू राहिला. २०११ मध्ये आय-स्विच त्याच कृमीच्या शरीरात, म्हणजे सुट्या पेशीत नव्हे तर अख्ख्या जिवंत प्राण्यात, काम करताना दिसला. २०१३ मध्ये एकाच पेशीतील दोन वेगळ्या वाटांवर दोन वेगळी यंत्रे एकाच वेळी सोडण्यात आली; पालख्या दोन, वार्ताहर दोन. त्याच वर्षी कृष्णन यांना रसायनशास्त्रासाठी शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. पुढील वर्षी त्या शिकागो विद्यापीठात गेल्या. बंगळूरने एक चांगली प्रयोगशाळा गमावली, असे कोणी म्हणेल तर ते अगदीच खोटे नाही. आम्लतेऐवजी क्लोराइड मोजणारी यंत्रे त्यांनी पुढे बनवली आणि लायसोसोमच्या वारशाने येणाऱ्या रोगांच्या अभ्यासात ती उपयोगी पडली. २०१७ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला, आणि पुढच्याच वर्षी मल्लिक यांना जीवशास्त्रासाठी. बंगळूरच्या त्या आवारात दरम्यान, सिमन्स फाउंडेशनच्या साहाय्याने, ‘जिवंत यंत्रांच्या’ अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. भौतिकी आणि गणित जाणणारे तेथे पेशीकडे यंत्र म्हणून पाहतात. कुलाब्यातील भौतिकशास्त्रज्ञांच्या घरात मांडलेली जीवशास्त्राची चूल, आणि बंगळूरच्या जीवशास्त्रज्ञांच्या घरात बोलावलेले भौतिकशास्त्रज्ञ, असे हे वर्तुळ आहे.

चालणारा रेणू बनवण्याची हौस मात्र संपलेली नाही, आणि संपू नये. २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल रेणुयंत्रांसाठी झाँ-पिएर सोव्हाज, फ्रेझर स्टॉडर्ट आणि बेन फेरिंगा यांना मिळाले, तेव्हा या क्षेत्राला घराघरांत नाव मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत खलिद सलायता यांच्या गटाने डीएनएने मढवलेले, चालण्याऐवजी गडगडत जाणारे कण दाखवले. ते आधीच्या डीएनए यंत्रांच्या हजारपट वेगवान होते. जपानमध्ये केन्या फुरुता आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निसर्गाच्या डायनीनचे पाय बदलून त्याला डीएनएच्या रुळावर चालायला शिकवले. इंजिन जुने, चाके नवी. आणि २०२४ मध्ये नॅन्सी फोर्ड, हायनर लिंके, पॉल कर्मी आदींनी ‘लॉनमोवर’ म्हणजे गवतकापे हे यंत्र चालवले. ते अशा प्रथिनांच्या बळावर चालते, जी मूळची चालणारी नव्हेतच. त्याच्या अंगावरची पाती म्हणजे प्रथिने कापणारी विकरे, आणि वाट म्हणजे पेप्टाइडांचे गवत. कापलेल्या जागी पुन्हा पकड मिळत नाही, म्हणून ते न कापलेल्या गवताकडे सरकते. हेही परतीचे दोर कापणारेच यंत्र. कापलेले गवत पुन्हा उगवत नाही, ही त्याची मर्यादा. ज्याचे रूळ झिजत नाहीत, जे ओझे घेऊन दोन्ही दिशांना पुन्हा पुन्हा जाईल, आणि टोळीत भार वाटून घेईल, असे माणसाच्या कल्पनेतून उतरलेले प्रथिनांचे यंत्र अजून व्हायचे आहे.

आय-स्विचचा शेवट लायसोसोममध्ये होतो. डीएनए कापणारी विकरे त्या कोठीत असतातच. बातमी देऊन झाली की काही वेळाने यंत्राचे तुकडे होतात आणि पेशी त्यांतील साहित्य आपल्या कामाला लावते. पालखी वाहणारे डायनीन तोवर रुळावरून उतरून दुसऱ्या ओझ्याकडे गेलेले असतात.